हयातीपुरते



दशलक्षण पर्वात आठव्या दिवशी आपण उत्तम त्याग म्हणतो आणि नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य. आधी त्याग, मग 'माझे काही नाही' ही भावना. या क्रमाचा मी अनेकदा विचार करते. त्याग करायचा तर ती वस्तू आधी आपली असावी लागते. जे आपले नाही ते आपल्या हातून सुटले, तर त्याला कोणी त्याग म्हणत नाही. परिग्रहाचे परिमाण करण्याचे व्रत घेणाऱ्या श्राविकेलाही आधी सांगावे लागते की माझे इतके आहे आणि यापुढे मी इतकेच ठेवीन.

आता आपल्या घरांतील जुने दस्त काढून पाहा. तडजोडपत्रे, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे. घरच्या विधवा बाईचे नाव जिथे येते, तिथे बहुतेक वेळा एक शब्द त्याच्या पाठोपाठ येतो: 'हयातीपुरते'. अमुक गटातील जमीन हिने हयातीपुरती खावी, अमुक खोलीत हिने हयातीपर्यंत राहावे, विक्री वा गहाण करू नये, पश्चात मिळकत अमक्याच्या मुलांकडे जावी. या एका शब्दाने आपल्या कितीतरी आज्या, पणज्या, आत्या यांचे आयुष्य ठरवले. तो शब्द कोठून आला, कायद्याने तो कधी पुसला आणि आज तो कोणत्या वाटेने परत येतो, हे आज लिहीत आहे.

सुरुवात दोन दानी स्त्रियांपासून करू. कर्नाटकातील गदगजवळच्या लक्कुंडीला ब्रह्म जिनालय आहे. ते बांधवणारी अत्तिमब्बे. 'दानचिंतामणी' ही तिची उपाधी आपल्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. पतीच्या निधनानंतर तिने आयुष्य व्रतात आणि दानात घालवले. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती तिने लिहवून घेतल्या, जिनप्रतिमा वाटल्या. ही हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसरी अहमदाबादची. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी दिल्ली दरवाजाबाहेर धर्मनाथांचे मंदिर बांधायला घेतले आणि ते मध्येच वारले. शेठाणी हरकुंवर यांनी काम हाती घेऊन पूर्ण केले आणि १८४८ मध्ये प्रतिष्ठा केली. एक दिगंबर, एक श्वेतांबर. दोघी विधवा. दोघींची नावे आज आपण घेतो ती त्यांनी दिलेल्या दानामुळे.

आपल्या नीतिग्रंथांचे म्हणणेही याच्याशी जुळणारे होते. भद्रबाहू संहिता, वर्धमान नीती, अर्हन्नीती या ग्रंथांत वारशाची प्रकरणे आहेत. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये जैन कायद्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात या ग्रंथांच्या आधारे त्यांनी मांडले की पतीच्या मिळकतीची पहिली वारस विधवा आहे आणि तिची मालकी पूर्ण आहे. त्यांच्या दहा वर्षे आधी, १९१६ मध्ये, जुगमंदरलाल जैनी यांनीही भद्रबाहू संहितेतील हा भाग इंग्रजीत आणला होता.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हिंदू धर्मशास्त्रात वारशाचा धागा पिंडदानाशी जोडलेला होता. पूर्वजाला पिंड देण्याचा अधिकार ज्याला, वारसातही तो पुढे. आपल्याकडे पिंड नाही, श्राद्ध नाही. ज्याचे कर्म त्याच्याजवळ. मुलाने केलेल्या विधीने बापाची गती सुधारत नाही. म्हणून दत्तक घेणे हाही आपल्यात धार्मिक विधी मानला गेला नाही, तो व्यवहार मानला गेला. मुलगा नसेल तर बापाचे परलोकात अडते ही समजूतच नाही, म्हणून पतीच्या मागे पत्नीने मालक व्हायलाही धर्माची आडकाठी नाही.

पण इंग्रजांची न्यायालये आली आणि प्रश्न निराळा झाला. जैनांना कोणता कायदा लावायचा? मुंबई उच्च न्यायालयात १८७३ मध्ये भगवानदास तेजमल विरुद्ध राजमल हा खटला चालला. मुख्य न्यायाधीश वेस्ट्रॉप यांनी धोरण घालून दिले की जैनांना सर्वसाधारण हिंदू कायदाच लागू होईल. कोणी म्हणत असेल की आमच्यात चाल वेगळी आहे, तर ती त्याने पुराव्याने सिद्ध करावी. ऐकायला हे सरळ वाटते. पण एखाद्या गावातल्या विधवेने कोर्टात उभे राहून आपल्या समाजाची शेकडो वर्षांची चाल साक्षीदारांनिशी कशी सिद्ध करायची? तिचे साक्षीदार कोण? बहुधा तिचेच दीर आणि भाऊबंद, ज्यांच्याशी तिचा खटला चालू आहे.

तरीही एकीने ते करून दाखवले. उत्तर हिंदुस्थानातील सरावगी अगरवाल जैन समाजातील दाखो या विधवेचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८७८ मध्ये निकाल लागला की त्या समाजाच्या चालीप्रमाणे निपुत्रिक विधवा पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीची पूर्ण मालक होते, आणि पतीची आज्ञा नसतानाही दत्तक घेऊ शकते. हा निकाल आपल्या समाजाच्या इतिहासात मोलाचा आहे. पण तो त्या चालीपुरता राहिला. दुसऱ्या प्रांतातल्या, दुसऱ्या जातीतल्या जैन विधवेला आपली चाल पुन्हा सिद्ध करावी लागे. जिथे ती सिद्ध झाली नाही, तिथे हिंदू विधवेचा मर्यादित हक्कच वाट्याला आला.

मुंबई इलाख्यात तर एक गमतीचा भेद होता. बाप वारला आणि मिळकत मुलीकडे आली, तर मुलगी पूर्ण मालक होई. बहिणीकडे आली तरी तसेच. पण पतीची मिळकत विधवेकडे आली, किंवा मुलाची आईकडे आली, तर ती हयातीपुरती. म्हणजे जी ज्या घरात जन्मली तिथे ती मालक होऊ शके, पण लग्न करून ज्या घरात आली, जिथे चाळीस वर्षे चूल सांभाळली, तिथे मात्र हयातीपुरती. इतर प्रांतांत मुलीलाही हे सुख नव्हते. एका जैन कुटुंबाच्याच खटल्यात, छोटेलाल विरुद्ध चुन्नूलाल, प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की मिताक्षरेप्रमाणे बापाकडून आलेली मिळकतही मुलीकडे मर्यादित हक्कानेच येते.

हा मर्यादित हक्क म्हणजे नेमके काय, ते नीट पाहू, कारण पुष्कळजणी त्याला नुसती पोटगी समजतात. विधवा ही त्या काळी मिळकतीची मालकच मानली जाई. सातबाऱ्यावर तिचे नाव लागे. उत्पन्न सगळे तिचे, त्याचा हिशेब ती कोणाला देणे लागत नसे. कोर्टात मिळकतीच्या वतीने तीच उभी राही. मात्र विकायचे, गहाण टाकायचे किंवा दान द्यायचे म्हटले की हात बांधलेले. 'कायदेशीर गरज' दाखवावी लागे: पतीचे कर्ज, सरकारी सारा, मुलीचे लग्न, पोटापाण्याची निकड. म्हणून त्या काळच्या विधवांच्या खरेदीखतांत सुरुवातीला गरजांची लांबलचक यादी असते. घेणाराही धास्तावलेला असे. बाई वारली की पतीचे भाऊबंद कोर्टात जाऊन म्हणत, गरज नव्हती, विक्री रद्द करा. अशा वाट पाहणाऱ्या वारसांना वकील 'रिव्हर्शनर' म्हणत. बाई जिवंत असेपर्यंत त्यांच्याजवळ हक्क नसे, नुसती आशा असे. पण त्या आशेच्या भीतीने बाईच्या जमिनीला भाव कमी येई. आणि तिने दत्तक घेतला तर मिळकत त्या मुलाकडे जाई. पुनर्विवाह केला, तर १८५६ च्या विधवाविवाह कायद्यानेच पतीच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपे.

आता दानाकडे येऊ. न्यायालयांनी विधवेला धर्मासाठी थोडी सूट दिली होती. ऐहिक कामापेक्षा धार्मिक कामासाठी तिचा अधिकार जास्त, हे प्रिव्ही कौन्सिलने मच्छलीपट्टणच्या कलेक्टरच्या खटल्यात १८६१ मध्येच म्हटले होते. पुढे १९२२ मध्ये सरदारसिंग विरुद्ध कुंजबिहारीलाल या खटल्यात असे ठरले की पतीच्या आत्म्याच्या कल्याणासाठी विधवेने मिळकतीचा लहानसा अंश दान दिला, तर तो पुढच्या वारसांवर बंधनकारक राहील. वाचून बरे वाटते. पण विचार करा. कोणाच्या कल्याणासाठी? पतीच्या. तिच्या स्वतःच्या पुण्यासाठी नव्हे. आपला धर्म तर उलट सांगतो. दानाचे फळ देणाऱ्याच्या भावाला. देवपूजा, गुरूपास्ती, स्वाध्याय, संयम, तप आणि दान ही श्रावकाची सहा नित्यकर्मे, श्राविकेचीही तीच. त्यातले सहावे कर्म कायद्याने विधवेला पतीच्या नावाने, थोडेसे आणि वारसांच्या नजरेखाली करायला सांगितले.

माझ्या मते या हक्काने आपल्या बायकांचे जे हिरावले ते खाणे-पिणे नव्हे. खायला बहुतेक घरांत मिळत होते. हिरावले ते देणे.

ज्यांना खायलाही मिळत नव्हते त्यांची गोष्ट वेगळी. बालविधवांची तर फारच. शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई स्वतः तरुणपणी विधवा झाल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. सोलापूरच्या श्राविकाश्रमात पंडिता सुमतीबाई शहा यांनी कित्येक मुलींना शिकवून पायावर उभे केले. ज्या कायद्याने बाईला मालकी दिली नाही, त्या कायद्याच्या काळात या संस्थांनी तिला विद्या दिली. तिच्यावर कोणी भाऊबंद दावा सांगू शकत नव्हता.

कायद्यात पहिला बदल १९३७ मध्ये झाला. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले आणि हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. तोवर मुलगे असतील तर विधवेला वाटाच नव्हता, फक्त अन्नवस्त्र. आता तिला मुलाइतका वाटा मिळाला, वाटणी मागण्याचाही हक्क मिळाला. पण तोही हयातीपुरताच. शिवाय १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितले की हा केंद्रीय कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यासाठी प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले. त्यानंतर बी. एन. राव समिती आली, हिंदू कोड बिल आले, त्याला कडाडून विरोध झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. शेवटी ते बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. त्यातला वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमात जैनांचे नाव स्पष्ट आहे, म्हणजे चाल सिद्ध करत बसण्याचे कारण उरले नाही.

त्या कायद्यातले चौदावे कलम प्रत्येकीने लक्षात ठेवावे. स्त्रीच्या ताब्यात असलेली मिळकत, कायद्याआधी आलेली असो वा नंतर, तिची ती पूर्ण मालक. वारशाने, वाटणीत, पोटगीपोटी, बक्षीस म्हणून, कशीही आलेली. एका रात्रीत हयातीपुरत्या असलेल्या बायका मालक झाल्या. पण त्याच कलमाला दुसरे पोटकलम आहे. बक्षीसपत्र, मृत्युपत्र, कोर्टाचा हुकूमनामा किंवा अन्य दस्ताने मिळकत देताना त्या दस्तातच हक्क मर्यादित ठेवला असेल, तर तो मर्यादितच राहील. मग तडजोडपत्रात 'हयातीपुरते' लिहिलेल्या विधवेचे काय? ती पहिल्या पोटकलमात की दुसऱ्या?

हा वाद वीस वर्षे चालला. आंध्रातल्या तुळसम्मा यांच्या पतीचे १९३१ मध्ये निधन झाले होते. पोटगीसाठी त्यांनी दिराविरुद्ध दावा लावला, हुकूमनामा मिळवला, आणि १९४९ मध्ये तडजोड होऊन काही मिळकत त्यांना हयातीपुरती मिळाली. १९६० आणि १९६१ मध्ये त्यांनी त्यातली काही भाड्याने दिली, काही विकली. दीर शेष रेड्डी कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयात न्या. भगवती, न्या. गुप्ता आणि न्या. फझल अली यांनी १९७७ मध्ये निकाल दिला: पोटगी हा विधवेचा आधीपासूनचा हक्क आहे. त्या हक्कापोटी मिळकत दिली असेल, तर दस्तात 'हयातीपुरते' लिहिले असले तरी ती पूर्ण मालक होते. दस्ताने तिला नवे काही दिलेले नाही, तिचे होते तेच दिले आहे.

या निकालाविषयी मी प्रथम वाचले तेव्हा आमच्या थोरल्या आजी आठवल्या. यजमानांच्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. मूलबाळ नव्हते. पंचांसमोर १९४८ मध्ये तडजोडपत्र होऊन त्यांना चार एकर जमीन 'अन्नवस्त्रासाठी, हयातीपुरती' मिळाली. सासूबाई सांगत, गावच्या बस्तीचा जीर्णोद्धार निघाला तेव्हा थोरल्या आजींनी एक एकर बस्तीला द्यायचे मनात आणले. तो साठ सालचा सुमार. घरातून उत्तर मिळाले, 'वहिनी, जमीन तुमच्या हयातीपुरती आहे. ती देता येत नाही.' त्या गप्प बसल्या. दरवर्षी पीक निघाले की एक पोते ज्वारी विकून बस्तीत दिव्याला तेल देत राहिल्या, कारण पीक त्यांचे होते. १९७४ मध्ये त्या गेल्या. तुळसम्मांचा निकाल तीन वर्षांनी आला, पण कायदा १९५६ चाच होता. म्हणजे शेवटची अठरा वर्षे त्या मालक होत्या आणि ते त्यांना कोणी सांगितले नाही. कदाचित सांगणाऱ्यांनाही माहीत नसेल. ती जमीन आज आमच्या सातबाऱ्यावर आहे. त्यातल्या एका एकराविषयी घरात बोलणे चालू आहे.

आता 'हयातीपुरते' हा शब्द आज कसा येतो ते पाहू. तो मृत्युपत्रातून येतो. पती लिहितो, 'घराचा उपभोग पत्नीने हयातीत घ्यावा, विकू नये, तिच्या पश्चात मुलांना जावे.' १९५६ चा कायदा मृत्युपत्राच्या स्वातंत्र्याला हात लावत नाही. स्वतःच्या कमाईचे काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये साधूसिंग यांच्या खटल्यात म्हटले की पतीने स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने पत्नीला मर्यादित दिली, तर ती मर्यादितच राहते. पण तुळसम्मांच्या निकालाचा आधार घेऊन उलटे ठरवणारे निकालही आहेत. हा गुंता सुटावा म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी पाठवला.

अशा अटीमागे नेहमी वाईट हेतू असतो असे नाही. कधी पतीला भीती असते की पत्नीवर दबाव आणून कोणी घर लिहून घेईल. हयातीच्या हक्कामुळे तिचे छप्पर तरी टिकते. पण असे मृत्युपत्र घरात होत असेल तर पत्नीला ते आधी वाचून दाखवावे. आजारपणात पैसे लागले तर ती काय विकू शकेल? मनात असलेले दान ती कशातून देईल? याची उत्तरे त्याच कागदात असावीत.

उलट प्रकारही आहे. आई मुलाला घर बक्षीसपत्राने देते आणि स्वतःचा हयातीचा राहण्याचा हक्क राखून ठेवते. येथे मालकी नोंदणी झाल्यावर मुलाकडे जाते, मनात आले म्हणून ती परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्रच करायचे असेल तर मुलाने सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात ती अट मोडल्यास दस्त रद्द करून घेण्याची सोय आहे.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्याजणींना ठाऊक असते. पूर्ण मालक असलेली बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिला मूलबाळ नसेल, तर पतीकडून वारशाने आलेली तिची मिळकत पतीच्या वारसांकडे जाते. आईबापांकडून आलेली असेल तर वडिलांच्या वारसांकडे. १९५६ च्या कायद्याचे पंधरावे कलम हे सांगते. म्हणजे जुने रिव्हर्शनर पुढच्या दाराने गेले आणि मागच्या दाराने आले. थोरल्या आजींची चार एकरे त्या मालक असत्या तरी पुतण्यांकडेच आली असती, जर त्यांनी काही लिहून ठेवले नसते तर. फरक एवढाच, की त्यांना लिहून ठेवता आले असते.

म्हणून तुमच्या नावावर जे काही आहे, सदनिका, शेत, ठेवी, दागिने, त्याचे मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. त्यात मुलांबरोबर मुलींचा विचार करा. आणि दान द्यायचे मनात असेल तर त्याचाही आकडा घाला, मग तो कितीही लहान असो. जुने दस्त असतील तर ते जवळच्या वकिलांना दाखवा आणि तारखा पाहा: पती कधी वारले, दस्त कधी झाला, जमीन पोटगीपोटी मिळाली की बक्षीस म्हणून. एकाच शब्दाचा अर्थ या तारखांवर बदलतो.

घरातील वडीलधाऱ्या बायकांना हा लेख वाचून दाखवा. आपल्या नावावर काय आहे हे त्यांना विचारले, तर पुष्कळजणी म्हणतील, 'मला काय ठाऊक, ते घरातले बघतात.' तेव्हा त्यांच्या शेजारी बसून सातबारा वाचा.